घराबाहेर बंगाली बोलायची नाही

हसायचे किस्से आठवून आठवून सांगावे लागतात. घाबरायचे किस्से आठवावे लागत नाहीत, ते आपले आपण साठत जातात. आणि गंमत अशी, की चारचौघांत सांगायला घेतले तर ऐकणारे पोट धरून हसतात! आमच्या रविवारच्या अड्ड्याचं तेच झालंय. मी सुरू झाले की मैत्रिणी म्हणतात, "माधुरी, तू हे लिहून काढच." त्यांचं काय जातंय? बीपी माझं वाढतं.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोटाळा नको. मी बिडकीनची, शेतकऱ्याची मुलगी. नवरा तापस, बंगाली, आसामातल्या सिलचरचा. चितेगावच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. आम्ही छत्रपती संभाजीनगरात, सातारा परिसर नावाच्या भागात राहतो. गौतमदा म्हणजे सराफ्यातले सोन्याचे कारागीर, मूळचे मेदिनीपूरचे, पण तरुणपणीच इथे आलेले आणि इथलेच होऊन गेलेले. दर रविवारी सकाळी ते आणि आणखी दोन-तीन बंगाली घरं आमच्याकडे जमतात. चहा, मुरमुरे आणि नुसत्या गप्पा, याला ते अड्डा म्हणतात. त्यात मराठी मी एकटी.

आणि मा. मा म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर तापस त्यांना इकडे घेऊन आला. त्यांना बंगालीशिवाय दुसरी भाषा येत नाही. तीसुद्धा सिलचरकडची बंगाली. त्या वेगात बोलायला लागल्या की गौतमदांनाही निम्मं कळत नाही. गौतमदा त्यांना माशिमा, म्हणजे मावशी म्हणतात. "माशिमा बोलतात ते ऐकलं की वाटतं थेट सीमेपलीकडून आवाज येतोय," ते एकदा म्हणाले आणि लगेच जीभ चावली. आमच्या काळजीचं मूळ तेच तर आहे.

सिलचरचं सांगायलाच हवं, कारण इकडे कुणाला ते ठाऊक नसतं. बंगाली भाषेसाठी माणसं मेली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ढाका येतं. पण एकोणीसशे एकसष्टच्या मे महिन्यात, एकोणीस तारखेला, आपल्याच देशात सिलचरच्या रेल्वे स्टेशनवरही गोळीबार झाला. आसामात सरकारी भाषा एकटी असमिया केली होती. तिथल्या बंगाली लोकांचं म्हणणं एवढंच, की आमच्या भागात आमची भाषाही चालू द्या. अकरा माणसं गेली. त्यात एक मुलगी होती, नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिलेली. शेवटी सरकारला त्या भागात बंगाली मान्य करावी लागली. मा तेव्हा शाळेत होत्या. त्यांचा थोरला भाऊ त्या दिवशी रुळांवर बसला होता. तो वाचला, त्याच्या शेजारचा वाचला नाही.

तेव्हापासून मा दरवर्षी त्या दिवशी पहाटे अनवाणी चालत जायच्या, फुलं वाहायच्या आणि सगळ्यांच्या सोबत ती अकरा नावं मोठ्यानं म्हणायच्या. इकडे आल्यावर त्यांची मागणी एकच होती. इथेही ते व्हावं, उघड्यावर आणि मोठ्यानं. हट्ट म्हणा हवं तर. दुसरं त्यांनी आमच्याकडे कधी काही मागितलं नाही.

आणि नेमकं त्याच सुमाराला टीव्हीवर सुरू झालं. बंगाली बोलताना सापडला, बांगलादेशी आहेस का म्हणून धरला, कागदपत्रं दाखव म्हणून बसवून ठेवला. आज या शहरात, उद्या त्या शहरात. तापसनं तीन-चार बातम्या पाहिल्या आणि जेवताना जाहीर केलं, "मा, आजपासून घराबाहेर बंगाली बोलायची नाही."

मांनी घास खाली ठेवला. "मग काय बोलू?" त्यांनी विचारलं.

* * *

नियम केला तापसनं आणि पहिल्यांदा त्यात अडकलाही तोच.

तो कंपनीच्या बसमध्ये होता. बस भरलेली. मांचा फोन आला. एरवी पाच-पाच मिनिटं बोलणारा माणूस, पण बाजूला नवीन कुणीतरी बसलेलं, म्हणून यानं फोन उचलून शुद्ध मराठीत सांगितलं, "हां, बोला. हो. हो. नंतर करतो. ठेवा आता."

मांनी पुन्हा फोन केला. यानं पुन्हा तेच, जरा आणखी दाबून, "सांगितलं ना, नंतर करतो!"

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तेव्हा तिथेच होते, हातात कुणाच्या तरी रक्ताचं सॅम्पल. माझा फोन वाजायला लागला तो थांबेना. उचलला तर मा रडवेल्या. मला त्या बौमा म्हणजे सूनबाई म्हणतात. "बौमा, पोलिसात जा! तापसचा फोन दुसऱ्याच माणसाच्या हातात आहे. मराठी माणूस आहे आणि तो धमकावतोय!"

मी म्हटलं, मा, तो तापसच आहे. त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाचा आवाज मला कळत नाही का?" संध्याकाळी तापस घरी आला तेव्हा त्यांनी त्याला दारात उभा करून आधी तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तुझाच आवाज होता, मला माहीत होतं. पण आईशी असं बोलणारा तू नव्हतास." तापस त्या दिवशी जेवला नाही.

* * *

गौतमदा तसे धीराचे. सराफ्यात कुणाचाही कान टोचायचा असो की भांडण मिटवायचं असो, पुढे गौतमदा. दखनी तर अशी बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावं जन्म जुन्या शहरातल्या बुढीलेनीत गेलाय. पण बातम्यांनी त्यांचीही हवा टाइट केली. गिऱ्हाइकानं "कुठले तुम्ही?" विचारलं, की ते एकाच दमात सांगायला लागले, "जालन्याचा."

का जालना, विचारलं तर म्हणाले, "जवळ है ना. खोटं बोलायचं तर जवळचं बोलावं."

एक दिवस गिऱ्हाईकच जालन्याचं निघालं. खुशीत येऊन म्हणालं, "अरे वा! जालन्यात कुठं?"

गौतमदा म्हणाले, "स्टेशनजवळ."

"स्टेशनच्या कोणत्या बाजूला?"

गौतमदांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "ज्या बाजूनं रेल्वे येते, त्या बाजूला."

गिऱ्हाईक भलं होतं. हसून म्हणालं, "रेल्वे दोन्ही बाजूंनी येती हो दादा!" आम्हाला हे सांगताना गौतमदाही हसत होते.

* * *

आता मासळीबाजार. मांना मासा स्वतः निवडून घ्यायचा असतो, कल्ला उघडून बघितल्याशिवाय त्या घेत नाहीत. नियम झाल्यावर तापस म्हणाला मी आणून देतो. मा म्हणाल्या, मी बोलणार नाही, पण येणार. मग गौतमदा त्यांना घेऊन गेले.

मा खरंच एक शब्द बोलल्या नाहीत. बोटानं रोहू दाखवला. कल्ला बघून मान हलवली, हा नको. दुसरा दाखवला. शेपटीकडचं नको, पोटाकडचं हवं, हे सगळं हातवाऱ्यांनी. मासेवाली बघत राहिली. तिला कीव आली. गौतमदांना म्हणाली, "अम्मा गूंगी है क्या भाई? पैले बोलना था ना!"

गौतमदा काय बोलणार? खरं बोलले तर पंचाईत. त्यांनी खाली मान घातली. तिनं एक मोठं डोकं वेगळं काढलं, साफ केलं, पिशवीत घातलं आणि म्हणाली, "ये मेरी तरफ से. बेचारी को अल्ला सुखी रक्खे."

घरी आल्यावर गौतमदांनी हा प्रसंग रंगवून सांगितला. आम्ही सगळे हसलो. मी त्या डोक्याची मूगडाळ घालून आमटी केली, मांनीच मला शिकवलेली, त्यांची अत्यंत आवडती. मांनी ताट पुढे ओढलं नाही. म्हणाल्या, "मुकी म्हणून दिलेलं आहे ते. मी मुकी नाही."

ती आमटी मीच दोन दिवस खाल्ली.

* * *

आमच्या अड्ड्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. नाव बंगाली अक्षरांत, 'उनिशे मे', म्हणजे एकोणीस मे. तापसला वाटलं कुणी फोन चेक केला तर हे नाव डोळ्यांत भरेल. त्यानं नाव बदललं. 'सकाळचा योगा'. मराठीत, ठळक, पुढे हात जोडलेलं चिन्ह.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष कांबळेकाका. एसटीतून रिटायर झालेले, आवाज खणखणीत, स्वभाव त्याहून. लिफ्टमध्ये तापसचा फोन वाजला आणि त्यांनी स्क्रीनवर नाव वाचलं.

"आरं वा, तुम्ही योगा करता व्हय? आन् अध्यक्षाला पत्ताच नाय!"

तापस म्हणाला, "नाही काका, असंच, घरगुती."

"घरगुतीच बरा आसतो. क्लासवाले लई लुटत्येत."

रविवारी आमचा अड्डा ऐन रंगात होता. मुरमुऱ्यांचं भांडं मध्ये, मा सिलचरच्या पावसाचं काहीतरी सांगत होत्या. बेल वाजली. दारात कांबळेकाका, ट्रॅक पँट, काखेत चटई!

पुढचा पाऊण तास आमच्या हॉलमध्ये सात बंगाली, एक मराठी आणि एक अध्यक्ष प्राणायाम करत होते. कुणालाच येत नव्हतं. गौतमदा श्वास आत घ्यायचे ते सोडायला विसरायचे. मा सोफ्यावर बसून आमच्याकडे बघत होत्या, तोंडाला पदर लावून. शेवटी काकांनीच डोळे उघडले आणि मुरमुऱ्यांकडे बोट करून विचारलं, "हे कोणतं आसन म्हनायचं?"

मग मात्र सांगावं लागलं. तापस सांगत होता आणि मी काकांचा चेहरा बघत होते. अध्यक्ष माणूस, उद्या फ्लॅट सोडा म्हणाला तर? काकांनी सगळं ऐकून घेतलं. सिलचर, स्टेशन, अकरा माणसं, घराबाहेर बंगाली बोलायची नाही, सगळं. मग बराच वेळ चटईची गुंडाळी करत राहिले.

"आमच्याकडं विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात पोरं गेली," ते म्हणाले. "एका नावासाठी. लोक आम्हाला म्हनायचे, नावात काय आसतं? ज्याचं आसतं त्याला इचारा म्हनावं." मांकडे वळून त्यांनी हात जोडले. "आजी, आम्हाला हे समजून सांगायची गरज नाय."

मी मांना ते बंगालीत सांगितलं. मांनी मुरमुऱ्यांचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं. त्या दिवसापासून काका दर रविवारी येतात. चटई नाही आणत.

* * *

पहिल्या वर्षीचा एकोणीस मे मात्र आम्ही घरातच केला. तापस ऐकेना. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, टीव्हीचा आवाज मोठा केला. मे महिना, त्यात आमचा वरचा मजला, स्लॅब तापून तव्यासारखा. मांनी पाटावर अकरा पणत्या लावल्या. पंखा चालू केला की पणत्या विझायच्या, म्हणून पंखा बंद. कूलरचा तर प्रश्नच नाही.

मांनी नावं घ्यायला सुरुवात केली. तापस दर नावाला "मा, हळू" म्हणायचा. मा आवाज आणखी उतरवायच्या. शेवटची नावं तर ओठ हलताना दिसत होते तेवढीच. वर टीव्हीवर कुणीतरी सिमेंटची जाहिरात करत होतं. गौतमदांचा शर्ट असा भिजलेला, की त्यांना नळाखालून काढलंय असं वाटावं.

तेवढ्यात दारावर धडाधड थापा! सगळे जागच्या जागी गार झाले. गौतमदा चक्क सोफ्याच्या मागे बसले. तापसनं आधी पणत्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी जाऊन दार उघडलं.

कांबळेकाका होते. "आरं, धूर कशाचा येतोय फटीतून? मला वाटलं शॉर्टसर्किट झालं!" आत येऊन त्यांनी ते सगळं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे आसं?" एवढंच म्हणाले.

सगळे गेल्यावर मा मला म्हणाल्या, "बौमा, माझा दादा रुळांवर बसला होता तो काय कुजबुजायला?" त्या पुढे म्हणाल्या, "आज मी त्यांची नावं घेतली नाहीत. लपवली." आणि पणत्या एकेक करून स्वतः घासायला बसल्या. मला हात लावू दिला नाही.

* * *

हिवाळ्यात माझे वडील, आबा, बिडकीनहून हुरडा घेऊन आले. आबा आणि मा बाल्कनीत उन्हाला बसले. आबा मराठीत, मा बंगालीत, मध्ये मी दुभाषी. हुरडा खाता खाता मी आबांना सिलचरचं सांगितलं.

आबा म्हणाले, "आमच्या बापाच्या टायमाला निजाम व्हता. शाळा उर्दूत. पाढे उर्दूत, हिशेब उर्दूत, कोर्टकचेरी उर्दूत. मास्तर मारायचा तो बी उर्दूतच. पन छडी बसली की पोरगं 'आई गं' मराठीतच म्हनायचं!"

मी सांगितल्यावर मा हसल्या. मग विचारलं, "त्यांना विचार, वडील मराठी विसरले नाहीत?"

"इसरत्येत व्हय?" आबा म्हणाले. "जमिनीचे कागद उर्दूत, पन बांधावरचं भांडान मराठीत. भांडनाची भाषा मानूस इसरत नाय बघा."

दोघं खूप वेळ हसत बसले. मग आबांनी तापसला हाक मारली आणि सरळ विचारलं, "जावईबापू, आता तर निजाम नाय. मग ह्या माउलीला गप कुनी केलं?"

तापस हुरड्याचे दाणे निवडत राहिला. रात्री मला म्हणाला, "तुझ्या वडिलांना माझी भीती कळत नाही." मी म्हटलं, कळते. म्हणूनच विचारलं. खरं तर मलाही तीच भीती होती, फक्त मी ती त्याच्या नावावर खपवत होते.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा सांगायला मला अजूनही पाणी लागतं.

या वर्षी कांबळेकाकांनी निकालच लावला. "सोसायटीचं मैदान हाय. मी अध्यक्ष हाय. एकोनीस तारखेला पहाटं, उजाडायच्या आत, सगळे खाली. कोन काय बोलतं बघतो मी!" तापस आठवडाभर झोपला नाही. पण आदल्या संध्याकाळी मांनी त्याला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "तू नाही आलास तरी चालेल. मी जाणार." मग तो काय करतो!

पहाटे आम्ही खाली उतरलो, सगळे अनवाणी. मे महिना असला तरी त्या वेळी फरशी गार लागते. मांनी पांढरी साडी नेसली होती. मैदानाच्या मधोमध पणत्या लावल्या, मोगऱ्याची फुलं ठेवली. वारा नव्हता. मांनी पहिलं नाव घेतलं आणि मी दचकले. इतक्या दिवसांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकलाच नव्हता. समोरच्या बिल्डिंगमधले दिवे लागले. एक खिडकी उघडली, मग दुसरी. गौतमदा प्रत्येक नाव मांच्या मागून म्हणत होते. कांबळेकाकाही म्हणत होते, उच्चार जमेल तसा.

अकरावं नाव झालं आणि गेटवर पोलिसांची गाडी थांबली.

कुणीतरी फोन केला असणार. एक वयस्कर हवालदार उतरले आणि सोबत एक शिपाई, हातात पॅड. आरडाओरड नाही, काही नाही. हवालदार शांतपणे चालत आले. पणत्यांकडे बघितलं, आमच्या अनवाणी पायांकडे बघितलं.

"कशाचा कार्यक्रम म्हनायचा?"

"श्रद्धांजलीचा," कांबळेकाका म्हणाले.

"मानसं कुठली?"

तापसनं सांगितलं, "सर, सिलचर. आसाम."

"म्हंजे बांगलादेशच्या बाजूला."

"बाजूला हाय सायेब," काका म्हणाले, "पन अलीकडं."

हवालदार हसले नाहीत. "कागदं हायेत का?" म्हणाले. आहेत ना! आधार, मतदार ओळखपत्र, सासऱ्यांच्या पेन्शनचे कागद, सगळं तापसनं कधीपासून एका फायलीत लावून ठेवलेलं. तो तसाच अनवाणी जिन्याकडे पळाला. आता तिथे मांची भाषा नीट कळणारी मी एकटी उरले.

हवालदार मांच्या समोर आले. वयाचा मान ठेवून जरा वाकलेच. मला म्हणाले, "ताई, आजीला इचारा, बांगलादेशातून कधी आल्या."

मी विचारलं. शब्द बदलता येईनात, जसंच्या तसं विचारलं.

मा एकदम बोलल्या. न थांबता, आवाज न चढवता, त्यांच्या त्या सिलचरच्या बंगालीत. गौतमदांना काही कळलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मला शब्दन् शब्द कळला.

"काय म्हनल्या आजी?" हवालदारांनी विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही. पाणी घेणार का, विचारतायत."

"नको, नको," हवालदार म्हणाले. "सकाळी सकाळी कशाला तरास."

"खोटं!" मा म्हणाल्या.

स्पष्ट, मराठीत; 'पाणी' एवढा शब्द त्यांना कळला होता. त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला मराठी शब्द. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हवालदारही. मांनी माझा दंड धरला आणि बंगालीत म्हणाल्या, "मी जे म्हटलं, ते सांग."

कांबळेकाका म्हणाले, "सांग पोरी." मग मी सांगितलं.

"त्या म्हणाल्या, साहेबांना विचार, आमच्या स्टेशनवर आमच्या पोरांवर गोळ्या झाडल्या, ते पोलीस कुठल्या देशाचे होते?"

शिपायानं पॅडवर लिहायला घेतलेलं पेन तसंच राहिलं. तापस फाइल छातीशी धरून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन थांबला होता. हवालदार मांकडे बघत राहिले, मांनीही नजर खाली घेतली नाही.

"आपलेच व्हते?" हवालदारांनी हळू आवाजात विचारलं.

"आपलेच," कांबळेकाका म्हणाले.

हवालदारांनी टोपी काढली, कपाळावरचा घाम पुसला, टोपी पुन्हा घातली. मग शिपायाकडे वळून म्हणाले,

"लिव्हा. भारतीय."